पंचमीला पावणेचार

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातली मुलगी यंदा बी.एड. करते आहे. मागच्या महिन्यात ती वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजी, एखाद्या अनुभवी शिक्षकाचं शिक्षणविषयक तत्त्वज्ञान लिहून आणायला सांगितलंय. तुमचं सांगा ना." एकतीस वर्षं शाळेत काढली. तरी तत्त्वज्ञान म्हणावं असं माझ्याजवळ काही नाही. माझ्याजवळ वेसाव्याच्या, म्हणजे आताच्या वर्सोव्याच्या, किनाऱ्यावरची एक दुपार आहे, आणि मथुरा नावाची एक मुलगी. तिला तेच सांगितलं, आणि आता इथे तेच लिहिते आहे.

पन्नास सालानंतरची दोन-चार वर्षं गेली असतील. अंधेरीला चर्चच्या आवाराला लागून सिस्टरांची शाळा होती. एका बाजूला इंग्रजी वर्ग आणि दुसऱ्या बाजूला, कौलारू पडवीच्या इमारतीत, आजूबाजूच्या गावठाणांतल्या मुलींसाठी मराठी प्राथमिक शाळा. मी ट्रेनिंग संपवून नुकतीच बाहेर पडले होते. वडील फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क. मिशनच्या शाळेत नोकरी म्हटल्यावर ते आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. शेवटी त्यांनी एकच अट घातली, कपाळाचं कुंकू उतरता कामा नये. ही अट मी भीत भीत मुख्याध्यापिकेला सांगितली. त्यांना सगळे 'मदर' म्हणत. मूळच्या वसईच्या, पानवेलीच्या बागाईतदाराच्या घरातल्या. पांढऱ्या झग्याच्या बाह्यांतून बाहेर आलेले त्यांचे हात मात्र शेवटपर्यंत शेतकऱ्याचेच राहिले. त्या म्हणाल्या, मग ते नीट गोल लावत जा, मुली सगळं बघत असतात.

मुलाखतीत त्यांनी मला एवढंच विचारलं, "टीचर, तुम्हाला काय येत नाही?"

मी गोंधळले. काय काय येतं याची यादी पाठ करून गेले होते. शेवटी म्हटलं, शिवण येत नाही. सुई धरली की बोटाला टोचते.

"छान. म्हणजे शिवण न येणाऱ्या मुलीवर तुम्ही रागावणार नाही. गणितात मात्र तुमचे मार्क फार चांगले दिसतात. त्याची मला थोडी भीती वाटते."

मला ती थट्टा वाटली. गणितात मला कधी अडलंच नव्हतं, आणि तो माझा अभिमान होता.

चौथीचा वर्ग माझ्याकडे आला. तेव्हाचं प्राथमिक गणित म्हणजे मुख्यतः पाढे. आताच्या वाचकांना तीसपर्यंतचे पाढे ऐकून तरी माहीत असतील, पण त्यांच्यापुढे अपूर्णांकांचेही पाढे असत. पावकी म्हणजे पावचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा, मग सवायकी, दिडकी. एक पाऊणे पाऊण, बे पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन, असं चालायचं. दुपारी चाळीस मुली जमिनीवर अंथरलेल्या बस्करांवर हात बांधून बसत आणि एका सुरात हे म्हणत. चौथीच्या पाढ्यांनी पडवी दुमदुमली की मला वाटे, शिकवणं म्हणतात ते हेच.

त्या सुरात एक तोंड मिटलेलं असायचं, मथुरेचं. वेसाव्याच्या कोळ्यांची मुलगी. मध्ये दोन वर्षं शाळा सुटल्यामुळे इतरांपेक्षा वयानं मोठी, उंच, शेवटच्या बस्करावर एकटीच. तिच्या फ्रॉकला सुक्या मासळीचा वास यायचा म्हणून मुली तिच्यापासून हातभर लांब बसत. मी ते पाहत होते आणि काही बोलत नव्हते. खरं सांगायचं तर मलाही वास सोसत नव्हता. माझ्या घरी मासळी कधी शिजली नव्हती.

शिवाय ती उशिरा यायची. शाळा अकराला भरत असे. आठ-दहा दिवस अगदी वेळेवर, मग ओळीनं तीन दिवस उशीर आणि चौथ्या दिवशी गैरहजर. विचारलं तर मान खाली. मी तिला पडवीत उभी करायची. एकदा अशीच उशिरा आल्यावर मी तिला उभं केलं आणि पाऊणकी म्हणायला लावली. ती एक पाऊणे पाऊण म्हणाली आणि थांबली. मी पुन्हा म्हणायला सांगितलं. पुन्हा तिथेच थांबली. माझ्या हातात लाकडी फूटपट्टी होती. मदरांच्या शाळेत मुलींना मारायचं नाही असा नियम होता. मी तिच्या तळहातावर तीन पट्ट्या मारल्या. तिनं हात मागे घेतला नाही. त्या तळहाताला कातड्यासारखे घट्टे होते, तेही मला तेव्हाच दिसले, आणि तरी तिसरी पट्टी मी मारली.

मग हजेरीपट घेऊन मीच मदरांकडे गेले. म्हटलं, ही मुलगी आळशी आहे, हिला तिसरीत बसवा नाहीतर नाव काढा, माझ्या वर्गाचा निकाल बिघडेल. पट्टीचं मी सांगितलं नाही. मदरांनी चष्मा लावला आणि मागच्या तीन महिन्यांचा हजेरीपट उलगडून त्या बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. उशीर किती झाला ते मी तिच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहून ठेवत असे, कारण मी फार नेटकी होते. मदरांनी मला ते आकडे वाचायला लावले. अर्धा तास, सव्वा तास, दोन तास, गैरहजर. मग पंधरा दिवसांनी पुन्हा अर्धा तास, सव्वा तास, दोन तास, गैरहजर. मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं.

"दररोज पाऊण तासानं वाढतोय," मदर म्हणाल्या. "आळस असा घड्याळ लावून येत नाही, टीचर. काय आहे ते मलाही कळत नाही, पण काहीतरी आहे. तुम्ही तिच्या घरी जाऊन बघा."

रविवारी मी वेसाव्याला गेले. अंधेरीपासून इतकं जवळ, पण तोवर कधी पाऊल टाकलं नव्हतं. बसमधून उतरल्यावर नाकाला पदर लावला. किनाऱ्यावर बांबूंच्या चौकटींना दोऱ्या बांधून बोंबील वाळत घातलेले, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, आणि त्यांच्या रांगांमधून बायका वाकून काम करत होत्या. मला पाहून मथुरेचा चेहरा उतरला. तिला वाटलं, मी नाव काढल्याचं सांगायला आले. तिच्या आईनं एका उपड्या टोपलीवर गोणपाट टाकून मला बसवलं, चहा आणून दिला, आणि मी तो घेतला. वडिलांना हे पुढे कधी सांगितलं नाही.

आईशी बोलताना हळूहळू उलगडा झाला. मचवे, म्हणजे मासेमारीच्या होड्या, समुद्रातून येतात ते भरतीच्या पाण्याबरोबर. ओहोटीत खाडीच्या तोंडाशी गाळ उघडा पडतो, मचवा आत येत नाही. ज्या दिवशी सकाळची भरती नवाच्या पुढे असते, त्या दिवशी मचवा उशिरा लागतो, आणि मासळी उतरवून निवडून दिल्याशिवाय मथुरेला निघता येत नाही. मग चालत अंधेरी. पुढे भरती दुपारवर गेली की सकाळ मोकळी आणि शाळा वेळेवर. माझ्या हजेरीपटात तीन महिने समुद्र लिहिला जात होता.

आज मचवा कधी लागेल, असं मी सहज विचारलं. आईनं मथुरेकडे पाहिलं. मथुरा म्हणाली, "आज पंचमी. पावनेचारला पानी उबं ऱ्हाल."

पाणी उभं राहील म्हणजे काय, ते मला कळलं नाही. माझ्या मनगटावर घड्याळ होतं, त्यात सव्वातीन झाले होते. मथुरा मला पाण्याच्या कडेला घेऊन गेली. खाडीत दहा-बारा मचवे दोरांना बांधलेले होते, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे, दोर ताठ, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी पाणी खळाळत आत येत होतं. आम्ही तिथेच उभ्या राहिलो. साडेतीनला खळाळ कमी झाला. मग दोर सैल पडायला लागले. पाण्यावर एक काडी तरंगत आत चालली होती, ती मंदावली, आणि माझ्यासमोर थांबली. मचवे कुणीकडेही तोंडं करून नुसते डुलत राहिले. एवढा थोरला समुद्र, आकाशाच्या कडेपर्यंत पसरलेला, आणि तो थांबला होता. मी घड्याळ पाहिलं. पावणेचारला दोन मिनिटं कमी होती.

मग ती काडी हलली, उलट दिशेला. एकेक करून मचव्यांची तोंडं खाडीकडे फिरली आणि दोर पुन्हा ताठ झाले. देवळात हात जोडून मी लहानपणापासून उभी राहत आले होते, पण असं आतून थरारून जाणं तोवर माझ्या वाट्याला आलं नव्हतं. आणि शेजारी उभी असलेली अकरा वर्षांची पोर फ्रॉकला हात पुसत होती. तिला त्यात नवल काहीच नव्हतं.

हे तुला कसं कळतं, म्हणून मी विचारलं. आज्यानं शिकवलं, असं ती म्हणाली. चार तिथींत पाणी तीन तास पुढे सरकतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, बारसेला, म्हणजे द्वादशीला, नऊ. मधल्या तिथींना तिनं बोटं धरून हिशेब दाखवला. मी ऐकत होते, आणि ऐकता ऐकता माझ्या कानात चाळीस मुलींचा सूर सुरू झाला. चार पाऊणे तीन. आठ पाऊणे सहा. बारा पाऊणे नऊ.

"मथुरे, पाच पाऊणे किती?" मी विचारलं.

तिनं मान खाली घातली. वर्गात घालायची तशीच.

"बरं, पंचमीला पाणी कधी?"

"पावनेचार."

मी एकेक तिथी विचारत गेले. दशमी? साडेसात. त्रयोदशी? पावणेदहा. एकही चुकली नाही. जो पाढा मी पट्टी हातात घेऊन पाठ करून घेत होते, तो हिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या समुद्राचं घड्याळ म्हणून वापरात होता. आणि पाढा आणि पाणी एकच आहे, हे हिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? मलाच ते माहीत नव्हतं.

शेवटी मी म्हटलं, पौर्णिमेला? ती म्हणाली, बारा. इथे मात्र माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी म्हटलं, चुकलीस, पंधरा पाऊणे सव्वाअकरा.

ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "पाढ्यान आसंल, बाई. पान्यान बारा."

सोमवारी सकाळच्या प्रार्थनेआधी मी मदरांना सगळं सांगितलं, पट्ट्यांसकट. मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. "या मुलीला देवानं आपल्याआधी बरंच काही शिकवून पाठवलंय," त्या म्हणाल्या. "ते पुसायचं आणि मग वर आपलं लिहायचं, याला मी शिकवणं म्हणत नाही." मी विचारलं, तिची माफी मागू का? त्या म्हणाल्या, ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त मारलंत वर्गात, तेव्हा मागायची तर वर्गात मागा.

तो तास मी कधी विसरले नाही. चाळीस मुलींसमोर मी म्हटलं, मी मथुरेला मारलं ते चुकलं, तिला पाऊणकी माझ्यापेक्षा चांगली येते. मथुरा उभी राहिली आणि पुढे काय करायचं ते तिला सुचेना. मोठ्या माणसानं माफी मागितली की काय म्हणतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. घरी पाहुणा आल्यावर म्हणतात तसं ती म्हणाली, "बाई, तुमी बसा ना."

मी शेवटच्या बस्करावर, तिच्या जागी बसले. ती फळ्याशी गेली. तिथी, पाणी, मचवे, दोर, सगळं तिनं तिच्या बोलीत सांगितलं, आणि बोलता बोलता तिचा आवाज मोठा झाला. मध्येच दाराशी सावली पडली. मदर आत आल्या, त्यांनी मला उठू दिलं नाही, आणि त्या पांढऱ्या झग्यानिशी मुलींमध्ये खाली बसल्या. शेवटी त्यांनी विद्यार्थिनीसारखा हात वर करून विचारलं, हे पाणी चढतं कशानं?

मथुरा म्हणाली, "ते ठाव नाय."

माझी पाळी आली. दुसऱ्या दिवशी मी पृथ्वीचा गोल आणि चंद्र म्हणून एक संत्रं घेऊन वर्गात गेले आणि चंद्र समुद्राचं पाणी कसं ओढतो ते सांगितलं. दिवसातून दोनदा भरती का येते, ते मी शिताफीनं टाळलं, कारण ते मलाच नीट समजलेलं नव्हतं. पण मथुरेचं तिकडे लक्ष नव्हतं. ती त्या संत्र्याकडे बघत होती. तिथी चंद्राची आणि पाणी तिथीचं, हे ती जन्मापासून जाणत होती. पण वर दिसणारा तो चंद्र खरोखर पाण्याला धरून उचलतो, हे ऐकून तिचं तोंड उघडंच राहिलं. मधल्या सुट्टीत पाहिलं तर ती पडवीच्या टोकाला जाऊन आकाशात शोधत होती. तिच्याजवळ आणखी दोघी उभ्या होत्या, अगदी जवळ, खांद्याला खांदा लावून.

मदरांनी व्यवस्था लावून दिली. भरती उशिराची असेल त्या दिवशी वेसाव्याच्या मुलींनी जमेल तेव्हा यावं, आणि बुडालेला अभ्यास मी शाळा सुटल्यावर करून घ्यावा. सगळ्या शाळेत मिळून अशा चौघी होत्या. मथुरेची पाऊणकी चार दिवसांत पाठ झाली, मग सवायकी, दिडकी. कुठे ना कुठे पाणी सापडलं की तिचं गणित चालायचं.

त्या वर्षी डेप्युटीसाहेब तपासणीला आले. डेप्युटी म्हणजे सरकारी शिक्षण खात्याचे तपासनीस; त्यांच्या एका शेऱ्यावर शाळेची पत ठरायची. मी मुद्दाम मथुरेला पुढे बसवलं होतं. साहेबांनी तिला विचारलं, पंधरा पाऊणे? ती उभी राहून म्हणाली, पाढ्यात सव्वाअकरा, साहेब, पाण्यात बारा. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पाणी रोज पाऊण तासाहून जरा जास्तच सरकतं आणि पंधरा दिवसांत तो फरक पाऊण तासाचा होतो, हे सगळं मी उत्साहानं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेरेबुकात लिहिलं: गणिताच्या तासास विषयांतर होते, पाठ्यक्रमाबाहेरील मजकूर वर्गात येऊ देऊ नये.

मला रडू कोसळलं. मदरांनी शेरा दोनदा वाचला, खाली सही केली आणि गंभीरपणे मला विचारलं, "टीचर, मजकूर म्हणजे समुद्रच ना?" मग मात्र आम्ही दोघी हसलो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या नावावर वाईट शेरा पडला. पुढे चांगलेही पडले, पण त्यातला एकही मला आज आठवत नाही.

मथुरा चौथी पास झाली. पाचवीत गणितात पहिली आली. सहावीत ती पुन्हा माझ्याच वर्गात असताना तिची आई बाळंत झाली ती अंथरुणालाच खिळली. धाकटी तीन भावंडं, बाजारात मासळी विकायला जाणारं दुसरं कुणी नाही. मथुरेचं येणं बंद झालं. आठवडाभर मी तिथीचा हिशेब करत बसले, मग कळलं की हा हिशेब तिथीचा नाही.

मदर आणि मी मिळून गेलो. मदरांनी आईच्या उशाशी बसून पुष्कळ सांगून पाहिलं. बाळाला सिस्टरांकडे दिवसा ठेवू, पोरीला दुपारपुरतं तरी पाठवा. आई रडली. शाळा वाईट आहे असं ती एकदाही म्हणाली नाही. फक्त म्हणाली, सिस्टर, हिच्यावर घर उभं आहे. मदर तिच्याजवळ प्रार्थना करत बसल्या आणि मी बाहेर आले.

मथुरा पाण्याच्या कडेला टोपली धूत होती. तिनं आता फ्रॉक सोडून लुगडं नेसायला सुरुवात केली होती, ओचा घट्ट खोचलेला. मी तिला काही समजावायच्या बेतात होते, पण तीच म्हणाली, बाई, मला एक विचारायचं होतं, राहूनच गेलं.

विचार, मी म्हटलं.

"चंद्र समिंदराचं पानी वढतो. मंग आपल्या अंगान पन पानीच हाय ना, रगत, डोल्यांतलं पानी. तेला पन वढतो का?"

आजवर वर्गात एखादं उत्तर आलं नाही तर मी विषय बदलत आले होते. आसवं, रक्त, चंद्र... पोरीच्या डोक्यात हे किती दिवस फिरत असेल? मासळी निवडताना, बाजारात, भावंडांना झोपवताना. त्या दिवशी समुद्र उलटताना पाहून वाटलं होतं, तसंच काहीसं वाटत होतं.

"मला माहीत नाही, मथुरे," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. तिला वाईट वाटलेलं दिसलं नाही. टोपली पाण्यातून काढून तिनं दोनदा झटकली.

"मंग तुमी शोधा, बाई. मना आता यायला जमनार नाय."

मी हो म्हटलं. तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि बाजाराच्या वाटेला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहावीच्या वर्गात जाऊन मी हजेरीसुद्धा घेतली नाही. आधी तिचा प्रश्न फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला, आणि मुलींकडे तोंड करून उभी राहिले.